व्वादिस्वाफ स्त्शेमिंस्की: तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न

या पोलिश चित्रकाराबद्दल गेली काही वर्षं मला सतत मेसेज येतात आणि त्यातले बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. सुरुवातीला अगदी साधे आहेत, पुढे अवघड होत जातात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. नावाचा उच्चार नक्की कसा करायचा? आणि त्याचं गाव लोझ, लॉड्झ की अजून काही?

व्वादिस्वाफ स्त्शेमिंस्की. पहिल्यांदा जीभ अडखळते पण दोनचारदा मोठ्याने म्हटलं की बसतं. गावाचं म्हणाल तर नकाशावर काहीही दिसो, पोलिश लोक त्याला 'वूच' म्हणतात, म्हणून मी पण खाली सगळीकडे वूचच लिहिलंय. त्याची बायको, जी स्वतः फार मोठी शिल्पकार होती, तिचं नाव काताझिना कोब्रो.

२. थोडक्यात सांगा ना, हा माणूस कोण?

जन्म २१ नोव्हेंबर १८९३, मिन्स्क. मृत्यू २६ डिसेंबर १९५२, वूच. चित्रकार, शिक्षक, टाइपोग्राफर, कलेवर लिहिणारा, आणि पोलंडमधला मॉडर्न आर्टचा पहिला मोठा संग्रह ज्यांच्या धडपडीतून उभा राहिला त्यातला मुख्य माणूस. स्टाईल इतक्यांदा बदलली की वेगवेगळ्या दशकांतली चार चित्रं शेजारी ठेवली तर एकाच हाताची वाटणार नाहीत, पण मला वाटतं आयुष्यभर त्याला प्रश्न एकच पडलेला होता, की डोळा बघतो म्हणजे नक्की काय करतो. हा एक धागा धरून ठेवलात तर पुढचं सगळं सोपं जाईल.

३. जन्म मिन्स्कचा, सैन्य रशियाचं, मग तो पोलिश कसा?

घर पोलिश होतं. त्या वेळी पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता, मिन्स्क रशियन साम्राज्यात होतं, त्यामुळे शिक्षण मॉस्कोच्या कॅडेट शाळेत आणि मग पीटर्सबर्गच्या मिलिटरी इंजिनिअरिंग स्कूलमध्ये झालं. म्हणजे आधी इंजिनिअर अधिकारी, चित्रकला नंतर. पोलंड १९१८ मध्ये परत स्वतंत्र झाला आणि १९२०-२१ नंतर तो आणि कोब्रो रशिया सोडून तिकडे आले.

४. एक हात आणि एक पाय नव्हता हे खरंय? मग चित्रं कशी काढायचा?

खरंय. मे १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, आघाडीवरच्या खंदकात ग्रेनेड फुटला. डावा हात गेला, उजवा पाय गेला, एका डोळ्याची नजरही अधू झाली. वय तेव्हा फक्त २२. मॉस्कोच्या हॉस्पिटलमध्ये बरेच महिने काढले आणि तिथेच स्वयंसेवक नर्स म्हणून काम करणारी कोब्रो त्याला भेटली.

उजवा हात शाबूत होता, त्यामुळे ब्रश धरायची अडचण नव्हती, पण कॅनव्हास ताणणं, उचलणं, कुबड्यांवर वर्गात उभं राहून शिकवणं हे सगळं रोजचं कष्टाचं काम होतं. बरेच जण विचारतात की चित्रांत हे दुखणं दिसतं का. सरळ कुठेच दिसत नाही. उलट युनिझमच्या चित्रांत (प्रश्न ६) इतकी शांतता आहे की मला नेहमी वाटतं, ज्याने एका रात्रीत एवढा स्फोट सोसला त्यालाच चित्रातली प्रत्येक टक्कर काढून टाकावीशी वाटली असेल. हे माझं वाचन आहे, त्याने स्वतः असं कुठे म्हटलंय असं नाही.

५. तो रशियन चित्रकार मालेविचचा शिष्य होता ना?

शिष्यापेक्षा जवळचा सहकारी म्हणा. १९२० च्या सुमारास तो आणि कोब्रो स्मोलेन्स्कमध्ये मालेविचच्या 'उनोविस' गटाची शाखा चालवत होते, त्यामुळे सुप्रीमॅटिझम म्हणजे ते तरंगणारे चौकोन, तिरपे पट्टे, हे त्याने अगदी आतून शिकलेलं होतं. पोलंडला आल्यावर १९२२ मध्ये 'झ्वरोत्नित्सा' या मासिकात नव्या रशियन कलेवर लेख लिहिला, १९२३ मध्ये विल्नोला (आजचं विल्निअस) नव्या कलेचं प्रदर्शन भरवलं, १९२४ मध्ये 'ब्लोक' या नव्या कलेच्या कलाकारांच्या ग्रुपमध्ये होता. मालेविचबद्दल आदर शेवटपर्यंत राहिला, पण त्याच्या चित्रांशी मतभेद लवकरच सुरू झाले. म्हणणं असं, की तिरपा आकार हा कॅनव्हासच्या कडेला जुमानतच नाही, तो चित्रातून बाहेर पळायला बघतो, मग ती फ्रेम हवी कशाला?

६. युनिझम म्हणजे काय? प्लीज सोप्या मराठीत.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा लांब लिहितो.

समजा पांढऱ्या कागदावर एक लाल चौकोन आहे. तुमचा डोळा लगेच काय करतो, तर लालला 'वस्तू' धरतो आणि पांढऱ्याला 'मागची जागा'. म्हणजे एक पुढे आला, एक मागे गेला, दोघांत ओढाताण सुरू झाली. स्त्शेमिंस्कीला ही ओढाताणच नको होती. तो म्हणायचा की बरोक काळापासून युरोपातलं चित्र हे एक नाटक होऊन बसलंय, उजेड विरुद्ध अंधार, जड विरुद्ध हलकं, हा आकार त्या आकाराला ढकलतोय, आणि बघणारा त्या मारामारीत गुंतून जातो. पण चित्र मुळात आहे काय, एक सपाट पृष्ठभाग, चार कडा आणि रंग. मग त्यातलं सगळंच्या सगळं त्या पृष्ठभागाशी आणि त्या कडांशी एकजीव असायला हवं. कुठलाही भाग जास्त महत्त्वाचा नाही, कुठलाही कमी नाही, काही हलत नाही, काही 'आधी' नाही की 'नंतर' नाही, एकदम सगळं एकाच वेळी.

हे विचार १९२४ पासून लेखांत येत होते आणि १९२८ मध्ये 'चित्रकलेतील युनिझम' ही छोटी पुस्तिका आली. प्रत्यक्ष चित्रांत या विचाराचं टोक १९३१ ते १९३४ या काळात गाठलं गेलं. त्या 'युनिस्ट कॉम्पोझिशन'मध्ये रंग जवळपास एकच असतो, आणि जाड रंगाचे बारीक उंचवटे कॅनव्हासभर एकसारखे पसरलेले, गोधडीवर धावदोऱ्याचे टाके पडावेत तसे. मी छापील फोटोत पहिल्यांदा बघितलं तेव्हा काहीच दिसलं नाही, रिकामा करडा चौकोन वाटला. फोटोत ही चित्रं मरतात, कारण त्यांचा सगळा जीव त्या उंचवट्यांवर पडणाऱ्या उजेडात आहे.

एक छान गोष्ट म्हणजे ही कल्पना संगीतातही गेली. झिगमुंट क्राउझे या पोलिश संगीतकाराने १९६३ मध्ये पियानोसाठी पाच युनिस्ट रचना केल्या, ज्यात चढउतार, कळस, शेवट असं काही नाही, आवाज एकसारखा पसरलेला राहतो.

७. मग ती दोन रंगांची, मोठ्या वळणांची चित्रं? ती पण युनिस्टच का?

नाही, ती 'आर्किटेक्टोनिक कॉम्पोझिशन', साधारण १९२६ ते १९३०. तिथे कॅनव्हास दोन किंवा तीन रंगांत वाटलेला असतो आणि त्यांची कड अशी बसवलेली असते की कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवताच येत नाही, दोन्ही आकार तितकेच खरे. ही वाटणी मनाला येईल तशी नाही, कॅनव्हासच्या लांबी-रुंदीवरून मोजमाप काढून केलेली आहे. युनिझमकडे जाणारी पायरी म्हणून बघा. तरीही दोन रंग म्हटले की थोडा विरोध उरतोच, तो शिल्लक पण काढला तेव्हा प्रश्न ६ मधली चित्रं आली.

८. मालेविचचं पांढऱ्यावर पांढरं हे युनिझमच झालं की! फरक काय?

फरक आहे. पांढऱ्यावर पांढरं असलं तरी तिथे एक तिरका चौकोन आहेच आणि तो पार्श्वभूमीवर तरंगतोच. आकार आणि मागची जागा ही जोडी तुटलेली नाही, फक्त आवाज बारीक केलाय. स्त्शेमिंस्कीला ती जोडीच नको होती.

९. 'ए. आर.' ग्रुप काय होता आणि म्युझियमशी त्याचा काय संबंध?

१९२९ मध्ये स्त्शेमिंस्की, कोब्रो आणि चित्रकार हेन्रिक स्ताझेव्स्की यांनी मिळून सुरू केलेला ग्रुप, सोबत दोन कवी, युलियान प्शिबोश आणि यान ब्झेंकोव्स्की. त्यांनी ठरवलं की सामान्य लोकांना नवी कला बघायला मिळाली पाहिजे, पण पैसे तर कोणाकडेच नव्हते, तो स्वतः तेव्हा कोलुश्की नावाच्या छोट्या गावात शाळेत शिकवत होता. मग पत्रं लिहायला सुरुवात केली. पॅरिसमधले संपर्क स्ताझेव्स्की आणि ब्झेंकोव्स्कीचे, आणि लेजे, आर्प, माक्स अर्न्स्ट, श्विटर्स, सोफी टॉयबर-आर्प अशा कलाकारांनी आपली कामं चक्क फुकट देऊन टाकली! १५ फेब्रुवारी १९३१ ला हा संग्रह वूचच्या नगरपालिकेच्या म्युझियममध्ये लोकांसाठी उघडला. कापड गिरण्यांचं, कामगारांचं, धुराने भरलेलं गाव, आणि तिथे युरोपातला मॉडर्न आर्टचा कायमस्वरूपी संग्रह, तोही बऱ्याच मोठ्या राजधान्यांच्या आधी. त्याचं एकही चित्र आवडलं नाही तरी या एका कामासाठी त्याला मानायला हवं.

१०. ॲबस्ट्रॅक्टसाठी एवढं भांडला आणि मग समुद्राची चित्रं काढली, हे काय? विचार बदलला का?

विचार बदलला नाही. आणि 'आधी ॲबस्ट्रॅक्ट, मग समुद्र' असा क्रमही नाही, दोन्ही बऱ्याच अंशी एकाच वेळी चालू होतं. १९३१-३२ ची वूच शहराची निसर्गचित्रं आणि १९३३-३४ ची समुद्राची चित्रं याच काळात युनिस्ट कॅनव्हासही होत होते. समुद्राच्या चित्रांत एकच वळणदार रेघ लाटेची, किनाऱ्याची, ढगाची सगळ्यांची असते. त्याला बघायचं होतं की डोळा समुद्रावरून फिरतो तेव्हा तो रेषा कशी ओढतो, म्हणजे वस्तूचा आकार कमी आणि नजरेचा प्रवास जास्त. हीच गोष्ट पुढे १९४८ मध्ये फार वेगळ्या रूपात परत येते, प्रश्न १३ बघा.

११. युद्धात तो कुठे होता? काय काढलं?

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर बायको आणि लहान मुलगी निकाला घेऊन पूर्वेकडे विलेयकाला गेला, १९४० मध्ये परत वूचला आला. तोपर्यंत जर्मनांनी वूच राइखला (म्हणजे थेट जर्मनीला) जोडून नाव पण बदललं होतं, लित्समानश्टाट. जवळच ज्यू लोकांना कोंडून ठेवलेली वस्ती, म्हणजे घेटो. या काळात त्याने पेन्सिलची रेखाचित्रं काढली, मालिकाच्या मालिका: 'पश्चिम बेलारूस', 'हद्दपारी', 'घरांशी युद्ध', 'चेहरे', 'चिखलासारखं स्वस्त'. नुसती एक सलग, थरथरती, बंद होणारी रेघ. माणूस आहे असं वाटतं पण डोळे नाहीत, हात कुठे संपतो कळत नाही, घर आणि शरीर एकमेकांत विरघळलेलं. शेडिंग नाही, रंग नाही. ज्या माणसाने दहा वर्षं चित्रातून नाटक हाकललं त्याने खऱ्या भयानकतेसमोर आरडाओरडा केला नाही, रेघ अजून बारीक केली.

१२. 'माझ्या ज्यू मित्रांना' ही त्यातलीच मालिका का?

नाही, ही युद्धानंतरची, १९४५ ते १९४७. दहाएक कोलाज आहेत. घेटो आणि छळछावण्यांचे फोटो कापून चिकटवलेत आणि शेजारी तीच युद्धातली रेघ. नीट बघितलंत तर लक्षात येईल की बऱ्याच रेषा प्रश्न ११ मधल्या रेखाचित्रांवरूनच ट्रेस करून घेतलेल्या आहेत, म्हणजे युद्धात जे आकार नावाशिवाय काढले त्यांना आता नाव मिळालं. त्यातली बहुतेक कामं आज जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू हत्याकांडाच्या स्मारक-संग्रहालयात आहेत. एका कोलाजचं नाव आहे 'स्मशानभट्ट्यांची पोकळ नडगी'. मी या मालिकेवर जास्त लिहू शकत नाही, प्रत्येकाने स्वतः आणि शांतपणे बघावी.

१३. 'पोविदोकी' म्हणजे काय? सूर्याची ती चित्रं कशी बघायची?

पोविदोक म्हणजे आफ्टरइमेज. घरी करून बघा: गडद लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून बघा, मग पांढऱ्या भिंतीकडे बघा, भिंतीवर हिरवट-निळसर डाग तरंगताना दिसेल. तो डाग भिंतीवर नाहीये, तुमच्या डोळ्यात आहे. (सूर्याकडे बघून करू नका, कृपा करून, डोळे जातील.)

१९४८-४९ मध्ये त्याने हेच रंगवलं. उजेडाकडे बघून नजर वळवली की डोळ्यात जे उरतं ते, पिवळे, हिरवे, लाल, जांभळे विरघळते आकार, आणि त्यांच्या आतून मधेच एखादी आकृती किंवा खिडकी डोकावते. लोक म्हणतात, अहो, एवढा रंग, हा युनिझमवाला माणूस कसा? पण बघा, युनिझममध्ये प्रश्न होता की चित्राचा स्वतःचा नियम काय, आणि इथे प्रश्न आहे की डोळ्याचा स्वतःचा नियम काय. दोन्हीकडे तो 'समोर काय आहे' यावर विश्वास ठेवत नाही, 'बघताना काय होतं' यावर ठेवतो. माझ्यासाठी त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम हेच, आणि हे अशा माणसाने केलंय ज्याची एका डोळ्याची नजर खंदकात अधू झाली होती.

१४. कोब्रोशी त्याचं नातं कसं होतं? तिच्यावर हात उचलायचा असं वाचलं.

हो, आणि हे झाकायचं कारण नाही. त्यांची मुलगी निका हिने आठवणींच्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय. १९२० आणि ३० च्या दशकात दोघं बरोबरीने काम करायचे, १९३१ चं अवकाशरचनेवरचं पुस्तक दोघांच्या नावाने आहे. युद्धात सगळं बिघडलं. कोब्रोच्या घरचं मूळ रशियन आणि जर्मन, तिने जर्मन अमलात स्वतःची नोंद रशियन म्हणून केली, ते त्याला सहन झालं नाही. युद्धानंतर दोघं वेगळे झाले, मुलीच्या ताब्यावरून कोर्टात गेले, आणि त्या नोंदीवरून कोब्रोवर खटला चालून तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली, अपिलात ती सुटली. १९४५ च्या थंडीत मुलीसाठी अन्न शिजवायला तिने आपली लाकडी शिल्पं चुलीत घातली होती. फेब्रुवारी १९५१ मध्ये कॅन्सरने गेली, गरिबीत.

'मग त्याची चित्रं आवडून घ्यायची की नाही' असं बऱ्याच जणी विचारतात. माझ्यापुरतं सांगतो, मी त्याचं नाव घेतो तिथे कोब्रोचंही घेतो, आणि तिची शिल्पं त्याच्या चित्रांइतकाच वेळ देऊन बघतो. त्याचं मोठेपण मान्य करायला तिचं दुःख लपवावं लागत असेल तर मला ते मान्य नाही.

१५. तो तर डाव्या विचारांचा होता, मग कम्युनिस्ट सरकारने नोकरीवरून का काढलं?

डाव्या विचारांचा होताच, नवी कला नव्या समाजासाठी आहे असं मनापासून मानायचा. १९४५ मध्ये वूचचं कला महाविद्यालय उभं करण्यात त्याचा मोठा वाटा होता आणि विद्यार्थी त्याच्यावर जीव टाकायचे. पण १९४९ पासून पोलंडमध्ये समाजवादी वास्तववाद ही एकमेव अधिकृत लाईन झाली, कामगार, शेतकरी, ट्रॅक्टर ओळखू येतील असे काढा, बाकी सगळं 'फॉर्मॅलिझम'. तो वर्गात याच्या उलट शिकवत राहिला. १९५० च्या सुरुवातीला संस्कृती मंत्रालयाच्या आदेशाने त्याला काढून टाकलं.

मग दुकानांच्या काचा सजवणं वगैरे कामं करून पोट भरायचं. पिओत्रकोव्स्का रस्त्यावरच्या एका कॅफेसाठी त्याने 'वसाहतवादी शोषण' नावाचं भिंतीवरचं रिलीफ (उठावाचं शिल्प) केलं, विषय सरकारला हवा तसाच, तरीही तेही पुढे तोडलं गेलं. क्षयाने १९५२ मध्ये गेला.

१६. वाइदाचा सिनेमा बघितला, तो कितपत खरा आहे?

पोलिश दिग्दर्शक आंद्झेय वाइदाचा 'पोविदोकी', २०१६ चा, त्याचा शेवटचा सिनेमा, स्त्शेमिंस्कीवरचा. त्याच वर्षी गोव्यात इफ्फी या फिल्म फेस्टिव्हलची सुरुवात याच सिनेमाने झाली होती, म्हणून आपल्याकडे बऱ्याच जणांना हे नाव तिथूनच माहीत झालं. नोकरी जाणं, उपासमार, विद्यार्थ्यांची साथ या सगळ्याचा गाभा खरा आहे आणि बोगुस्वाफ लिंदाने काम फार ताकदीने केलंय. पण सिनेमा फक्त शेवटच्या तीनचार वर्षांचा आहे आणि कोब्रो त्यात जवळपास नाहीच. घरात काय झालं (प्रश्न १४) ते बाजूला ठेवल्यामुळे नायक जरा जास्तच निष्कलंक दिसतो. सिनेमा जरूर बघा, पण चरित्र म्हणून तेवढ्यावर थांबू नका.

१७. 'पाहण्याचा सिद्धांत' हे पुस्तक त्याने स्वतः लिहिलं की विद्यार्थ्यांनी?

विचार आणि व्याख्यानं त्याची, ती टिकवण्यात विद्यार्थ्यांच्या नोट्सचा मोठा हात, आणि पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९५८ मध्ये आलं, प्रस्तावना प्शिबोशची. मुद्दा असा की डोळा शरीर म्हणून तोच राहतो पण माणूस त्याने काय काय लक्षात घ्यायला शिकतो ते काळाप्रमाणे, समाजाप्रमाणे बदलत जातं, आधी फक्त बाह्यरेषा, मग भरीव आकार, मग उजेड-सावली, असं करत. कलेचा इतिहास म्हणजे या बघायला शिकण्याचा इतिहास. वाचायला जड आहे पण प्रश्न १३ मधली चित्रं त्याशिवाय अर्धीच कळतात.

१८. वूचला गेलो तर काय बघायचं? आणि ती 'निओप्लास्टिक खोली' ओरिजिनल आहे का?

म्युझेउम श्तुकी (कला संग्रहालय), व्येन्त्सकोव्स्किएगो रस्ता ३६, गिरणीमालक पोझनान्स्की घराण्याचा जुना वाडा. युद्धानंतर डायरेक्टर मारियान मिनिखने स्त्शेमिंस्कीकडून तिथे एक खोली करून घेतली, हीच ती निओप्लास्टिक खोली, १९४८ मध्ये उघडली, भिंती आणि छत लाल, पिवळ्या, निळ्या आणि करड्या आयतांत विभागलेले, त्यात ए. आर. संग्रहातली कामं आणि मधे कोब्रोची शिल्पं.

आता अवघड भाग. १९५० मध्ये ती खोली मोडली, रंग पुसले, कामं गोदामात गेली. आज दिसते ती १९६० मध्ये त्याचा विद्यार्थी बोलेस्वाफ उत्किन याने परत उभी केलेली. कोब्रोचीही काही शिल्पं नंतर परत बनवलेली आहेत कारण मूळची युद्धात गेली, त्यामुळे पाटीवर 'पुनर्रचना' लिहिलंय का ते बघत जा. तिथे गेलात तर युनिस्ट चित्रांसमोर एका बाजूला उभं राहून हळूहळू दुसऱ्या बाजूला सरका, उंचवट्यांवरचा उजेड बदलत जातो आणि रिकामा वाटणारा कॅनव्हास भरायला लागतो.